एक काना जास्त

४ फेब्रुवारी, रविवार

झालं ते क्रमाने लिहून ठेवते. नंतर डोकं चालणार नाही.

१. कंपनीने आमचं ऑफिस बंद केलं. किनाऱ्यावरच्या तीन गावांपैकी एक निवडा, म्हणाले. तिन्हीकडे बंदर, तिन्हीकडे पंप आणि क्रेन. म्हणजे तिन्हीकडे मला काम. थरथर मोजून यंत्राचं दुखणं सांगणं हे माझं काम, आणि यंत्रं कुठेही थरथरतातच.

२. आईला फोन केला. मी पंपहाऊसमध्ये होते, सगळे पंप चालू. बाहेर जायलाही वेळ नव्हता. एका कानावरचा इअरमफ सरकवून बोलले.

३. आई म्हणाली, "मला जागा हवी गं. बाकी तुझं तू बघ."

४. दादाचा फोन. "आईला आमच्याकडेच पाठव ना. तू काय, सदा फिरतीवर. एकटी पडेल ती." मी म्हटलं, बघते.

५. तिन्ही गावं पाहिली. पहिल्यात घरं खुराड्यासारखी. तिसऱ्यात घर मोठं, पण गावच नाही, नुसती गोदामं. मधलं निवडलं. आहे छोटंसंच, पण भलतंच जिवंत: धक्का, बाजार, फेरीबोटी, माणसांची ही झुंबड. आणि त्या सगळ्यापासून लांब, टेकाडापलीकडे, नवी वसाहत. चार खोल्या, दोन बाल्कन्या, समोर समुद्र.

६. आज सामान लागलं. आई सगळ्या खोल्यांतून फिरून आली. "छान आहे," म्हणाली. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसली. चार खोल्या सोडून!

पाठ मोडली आहे. बाकी उद्या.

५ फेब्रुवारी

मीटर लावून आवाज मोजला. कोणी सांगितलं नव्हतं, सवय. बाहेरची खोली — एकतीस डेसिबल. खिडक्या उघड्या ठेवून! आई स्वयंपाकघरात बसली होती, काही न बोलता.

जुन्या घराखाली छापखाना होता. यंत्र सुरू झालं की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. मी अभ्यास त्या खटखटीवरच केला. खटखट बदलली की मी सांगायचे, "आज कागद जाड आहे." बाबा हसायचे. पुढे बाबा गेले, खटखट तशीच राहिली. आई दिवसभर बस स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत माणसांचा कलकलाट ऐकायची आणि घरी येऊन छापखान्याचा. मी तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस हिला शांत, मोठं घर द्यायचं.

दिलं. कंपनीचा फ्लॅट आहे, म्हणजे अजून पक्का नाही. ४ मार्चला कळवायचं, ठेवणार की सोडणार.

आईला मीटरचा आकडा दाखवला. "बरं," म्हणाली. "चांगला की वाईट?"

"उत्तम."

"मग झालं तर."

८ फेब्रुवारी

आज आई दिवसभरात काय काय बोलली: "पाणी आलं." "ताट घे." "दमलीस का?" यातल्या शेवटच्याला मी "नाही" म्हटलं. दमले होते.

११ फेब्रुवारी

रविवार. दादाचा व्हिडिओ कॉल. फोन घेऊन मी घरभर फिरले.

"काय राजवाडा मारलायस! आई कुठाय? हरवली की काय त्यात?"

आई पडद्यासमोर आली. फोनकडे बघायचं सोडून स्वतःच्या छोट्या चौकटीकडेच बघत राहिली. वहिनी मागून ओरडली, "आई, या हो इकडे! पोरं डोकं खातील तुमचं, पण कंटाळा येणार नाही."

"बघू," आई म्हणाली.

दादा मला म्हणाला, "बघू काय बघू? तू तिला अडवून धरू नकोस हं."

मी कोणाला अडवत नाही, असं सांगितलं. आवाज न चढवता. दादाला माझा हाच आवाज आवडत नाही. "ऑफिसातून बोलल्यासारखी बोलू नकोस," म्हणतो.

फोन ठेवल्यावर आईला विचारलं, "तुला जायचंय का तिकडे?"

"तू म्हणशील तसं."

आमच्या घरात या तीन शब्दांवर गाडी थांबते. मी 'राहा' म्हटलं असतं तर ती राहिली असती. म्हणून म्हटलं नाही. तिला काय हवंय ते मला कळायला हवं होतं, माझं म्हणणं तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तिने भांडी घासली. मी पुसली.

१३ फेब्रुवारी

आई शेजारी ओळख करून घ्यायला गेली. समोरच्या दारात दंतवैद्य राहतात. त्यांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं आणि म्हणाले, "दवाखाना उद्या."

आई परत येऊन म्हणाली, "माझे दात चांगले आहेत म्हणून सांगणार होते. पण दार लागलं."

मी हसले. ती नाही हसली.

१४ फेब्रुवारी

दुपारी लवकर घरी आले. दाराला कुलूप. तिला फोन लावला तर तो आतच वाजतोय, दाराबाहेर ऐकू येत होता. या इमारतीत सगळं ऐकू येतं, कारण दुसरं काहीच वाजत नाही.

वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊन आले. पहारेकरी म्हणाला, "माताजी? रोज जातात की बसने. माझ्याशी बोलून जातात."

रोज!

संध्याकाळी आली. नाक उन्हाने लाल. "कुठे होतीस?"

"इथेच गं. पाय मोकळे करायला."

तिच्या चपलेला माशाचं खवलं चिकटलं होतं. आमच्या वसाहतीत मासा सोडा, माणूस दिसत नाही. फोन सोबत ने, एवढंच सांगितलं. "हो," म्हणाली. नेणार नाही, हे दोघींनाही ठाऊक.

१७ फेब्रुवारी

दमणूक. तीन ठिकाणची मोजमापं, त्यात एक पंप असा की मोजायची गरजच नव्हती, रडतच होता बिचारा. बेअरिंग गेलं आहे म्हटलं तर तिथला फोरमन म्हणतो, "मॅडम, जरा वंगण घालून भागतंय का बघा." भागत नाही.

आई जेवणात आज जास्त बोलली. मधेच एकटीच हसली. विचारलं तर म्हणे, "काही नाही, एकीची टोपी आठवली."

कोणाची टोपी?

१९ फेब्रुवारी

फेरीच्या धक्क्यावर क्रेनची तपासणी होती. वर चढून गिअरबॉक्सला सेन्सर लावत होते. खाली बोटीवर चढणारी माणसं, पोती, सायकली, रडणारी मुलं. आणि त्या सगळ्यावरून एक आवाज, स्वच्छ, वरच्या पट्टीत:

"पलीकडची बोट दोन नंबरला! इथे नाही! पुढे जा, पुढे!"

हा आवाज मी लहानपणापासून ओळखते. चौकशीच्या खिडकीतला. घरात कधी काढायची नाही तो.

खाली उतरले. तिकिटाच्या खिडकीशेजारच्या बाकावर आई बसली होती, मांडीवर हिरवी छत्री, भोवती घोळका. एक म्हातारा विचारतोय, एक बाई विचारतेय, आणि ही दोघांनाही एकदम उत्तर देतेय. खिडकीतला मिशीवाला तिकीट-मास्तर निवांत चहा पितोय.

मला बघून आई दचकली. मिशीवाला म्हणाला, "या, या! ह्या आमच्या चौकशीबाई. यांच्यामुळे माझं तोंड वाचलं. पूर्वी दिवसाला शंभरदा एकच उत्तर द्यायचो."

आई म्हणाली, "ही माझी मुलगी."

तशी चहावाली किटली ठेवून पुढे आली. ऐसपैस बाई, कपाळावर टोपी उन्हासाठी. (टोपी!) "ही का ती? जागावाली?"

"जागावाली म्हणजे?" मी विचारलं.

आई म्हणाली, "काही नाही, चल घरी." पण चहावालीला आता कोण थांबवणार. "अहो, आईंनी मागितली जाग, आणि तुम्ही दिलीत जागा! चार खोल्या! एक काना जास्तच पडला की!"

सगळे हसले. बाकावरचा म्हाताराही हसला, त्याला तर काही माहीतही नव्हतं. मीही हसले. कामावर हसते तसं.

बसमध्ये खिडकीशी आई, मी शेजारी. टेकाडाचा चढ लागला. मग मीच:

"फोनवर तू काय म्हणाली होतीस?"

"जाऊ दे ना."

"नक्की काय म्हणाली होतीस?"

"म्हटलं, मला जाग हवी गं. घराला जाग असावी. खाली कोणी खोकतंय, कोणी दार आपटतंय, कोणी कोणाला हाक मारतंय. आपल्याआधी कोणी उठलंय आणि आपल्यानंतर कोणी तरी निजणार आहे, एवढं कळलं की पुरे. दुसरं काय लागतं मला?"

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू केवढी दमली होतीस. त्यात तो तुझा डबा लावून बसलीस, आणि उत्तम आहे म्हणालीस." छत्री मांडीवर सरळ करून, "एवढं मोजून मापून घेतलेल्या घराला नावं कशी ठेवायची?"

"सगळ्या धक्क्याला सांगितलंस."

"ते परके गं. त्यांना सांगायला काय!"

हे वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात वाजत राहिलं. अजून वाजतंय.

२० फेब्रुवारी

थरथरीवरून मी सांगू शकते, बेअरिंगमधली गोळी झिजली आहे की बाहेरची कडी. आईचा शब्द मात्र मला ऐकू आला नाही. पंपांवर ढकलता येईल. पण पंप नसते तरी मी 'जागा'च ऐकलं असतं, असं वाटतं. मला तिला जे द्यायचं होतं, तेच ती मागते आहे असं मी धरून चालले.

आज तिला विचारलं, "छापखान्याचा तुला त्रास नव्हता?"

"त्रास? छापखाना बंद असला की मला झोप यायची नाही. सुट्टीच्या दिवशी तुझे बाबा मुद्दाम पाटा सरकवायचे, आवाज व्हावा म्हणून."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मात्र सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या आईने आयुष्यभर गोंगाट सोसला.

२३ फेब्रुवारी

संध्याकाळी आईनेच नेलं. तिकिटाच्या खिडकीच्या वर, लाकडी जिन्याने, चहावालीची दीड खोली रिकामी आहे. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. मधे पत्र्याची भिंत. खिडकी उघडली की थेट धक्का.

मी मीटर काढला. बोट लागत होती. अठ्ठ्याहत्तर. मग भोंगा झाला आणि आकडा बघायची गरजच उरली नाही.

"इथे माणूस राहू शकत नाही," मी म्हटलं.

"मग आम्ही काय म्हशी?" चहावाली म्हणाली.

मी मीटर पिशवीत टाकला. आई खिडकीतून खाली बघत होती. खाली एक सायकलवाला इकडेतिकडे बघत होता. आईने वरूनच ओरडून त्याला एक नंबरला पाठवलं. बोट सुटल्यावर मिशीवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "चौकशीबाई! तो दोन नंबरचा होता हो! गेला तो बेटावर! आता उद्या येतोय!"

आई तोंडावर हात ठेवून एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. चहावालीही बसली. पत्र्याची भिंत थरथरत होती. वारंवारता मोजली नाही.

मी शेवटचं तिला असं हसताना कधी पाहिलं, आठवत नाही.

२५ फेब्रुवारी

रविवार, दादाचा फोन. या वेळी आईनेच लावला. स्पीकरवर ठेवला, मला समोर बसवलं.

"मी तुझ्याकडे येत नाहीये," ती दादाला म्हणाली. "आणि हिच्याकडेही राहत नाहीये. मी धक्क्यावर खोली घेतली. मंगळवारी जाते."

दादा मग फुटलाच. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मुलगी चार खोल्यांत आणि आई धक्क्यावर? लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतील, तिकीट कुठे मिळतं."

"थट्टा नकोय मला! — आणि तू गं? तू काय ऐकत बसलीयस? काही बोलणार आहेस की नाही?"

मला बोलायचं होतं. आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"तुझ्यावर रागावून नाही जात. तुला दिवसभर त्या यंत्रांचा कोलाहल. घरी आल्यावर तुला शांत लागतं, मला कळतं ते. तुला इथे बरं, मला तिथे बरं. रविवारी येत जाईन."

"ठीक आहे," मी म्हटलं.

मी नेहमी हेच म्हणते. तिच्या 'तू म्हणशील तसं'ची ही बहीणच.

२७ फेब्रुवारी

आईला पोचवलं. एक ट्रंक, गादी, छत्री आणि स्वयंपाकघरातलं स्टूल. मिशीवाल्याने ट्रंक वर नेली, प्रत्येक पायरीवर "दगड भरलेत का, चौकशीबाई?" विचारत. चहावालीने माझ्या हातात ग्लास ठेवला आणि म्हणाली, "काळजी नको. खोकली तरी मला खाली कळेल."

निघताना आईने माझ्या कॉलरचा धागा तोडला. "जेवत जा," म्हणाली. मी म्हटलं, उशीर होतोय. होत नव्हता.

२८ फेब्रुवारी

काही नाही. काम.

२९ फेब्रुवारी

घरी आले. दाराजवळ उभी राहून चपला काढल्या. एक पडली, तिचा आवाज सगळ्या खोल्यांतून फिरून आला. कोणी "आलीस का" म्हणालं नाही. पूर्वीही आई रोज म्हणायची असं नाही. पण आत कोणी तरी आहे, हे चपला काढतानाच कळायचं. कशावरून, ते कधी शोधलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत मीटर लावला. त्याच जागी, खिडक्या उघड्या, सगळं पहिल्यासारखंच. एकोणतीस.

म्हणजे ते दोन डेसिबल आईचे होते. नुसत्या बसून राहण्याचे.

दंतवैद्यांच्या दाराला कान लावावासा वाटला. लावला नाही. पण स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच थोडा वेळ तसाच वाहू दिला.

१ मार्च, शुक्रवार

दुपारी धक्क्यावर काम होतं. वर गेले नाही. मिशीवाल्याजवळ चिठ्ठी दिली. तो म्हणाला, "अहो, वरच आहेत की त्या, तोंडाने सांगा." म्हटलं, तोंडाने सांगितलेलं आमच्यात चुकतं.

चिठ्ठी इथे उतरवून ठेवते:

आई,
अर्ध्या खोलीत माझी खाट मावेल का? मी मोजलेलं नाही. जागा नसली तरी चालेल.
सोमवारी कंपनीला फ्लॅटचं कळवायचं आहे. 'तू म्हणशील तसं' हे उत्तर धरणार नाही. हो किंवा नाही, रविवार संध्याकाळपर्यंत सांग.